मांडीवरून सीटवर: आठ महिने, चार खेपा, ठाणे ते आचरा

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर आम्ही मुलांसाठी दोन कार सीट घेतल्या. तेव्हा धाकटा १० महिन्यांचा होता, मोठी ४ वर्षांची. तेव्हापासून दिवाळी, नाताळ, शिमगा आणि मे महिना अशा चार खेपा गावी झाल्या. साधारण साडेचार हजार किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकीच्या गाडीत नीट बसणारी सीट दुसरीच्या गाडीत बसेलच असं नाही. आमच्याही पहिल्यांदा बसली नव्हती.

घेण्याचं कारण आधी सांगते. त्याआधीच्या गणपतीत माणगावच्या कोंडीतून गाडी जेमतेम सुटली होती. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, आम्हीही मारला. वेग तिशीच्याही आत असेल. धाकटा मागे आजीच्या मांडीवर झोपला होता, तो थेट पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. आईंनी त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं, त्यांची काहीच चूक नव्हती. झटका बसतो तेव्हा मुलाचं वजन हाताला कित्येक पट जाणवतं आणि कुणाचेही हात सुटतात. कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट लावली नाही तर १,००० रुपये दंड आहे. पण मला त्या टेंगळाने पटवलं.

आता बसवण्याचं. धाकट्याची सीट आयसोफिक्सची आहे, म्हणजे गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात त्यात ती अडकते. तिला पुढे एक पाय असतो, तो गाडीच्या तळावर टेकतो. आमच्या आधीच्या गाडीत नेमक्या त्याच जागी सामान ठेवायचा पोकळ कप्पा होता. त्याच्या झाकणावर पाय टेकवून चालत नाही, धक्क्याला ते दबतं. दुकानातला माणूस म्हणाला, ‘चालतंय मॅडम’. मी घरी माहितीपुस्तिका वाचली आणि दुसऱ्या दिवशी सीट परत केली. मग गाडीच्या पट्ट्याने बांधायची दुसरी घेतली. गाडी बदलल्यावर, जानेवारीत, आयसोफिक्सवाली आली. म्हणून आधी गाडी घेऊन दुकानात जा आणि तिथेच बसवून बघा. बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, एका इंचाहून जास्त हलली तर ती सैल आहे. खांद्याचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत पकडता आला तर तोही सैल आहे.

त्याच माणसाने आणखी एक सांगितलं होतं, की ९ किलो झाला की सीट पुढे तोंड करून फिरवा. ते ऐकू नका. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. तोंड मागे असलं की समोरून धडक बसली तर सगळा भार पाठीवर पसरतो. युरोपातल्या आर-१२९ नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं असतं. आमचा आता १८ महिन्यांचा आहे, अजून तसाच बसतो. पाय दुमडून मांडी घालतो, त्यात त्याला काही अवघडत नाही. अशी सीट पुढे, एअरबॅगसमोर, कधीही ठेवायची नाही.

दिवाळीची खेप जड गेली. पनवेल सुटेपर्यंत धाकटा शांत होता, मग इंदापूरपर्यंत रडला. आईंना ते बघवेना. ‘पोराक बांदून कित्या ठेवलंस गो? घे मांडयेर,’ असं तीनदा म्हणाल्या. मी एवढंच केलं, की गाडी सुरू असताना काढायचं नाही आणि रडं वाढलं की गाडीच थांबवायची. त्या दिवशी आम्ही ७ वेळा थांबलो. सकाळी साडेचारला निघालो होतो, आचऱ्याला रात्री ८ ला टेकलो. पूर्वी थेट चिपळूणला पहिला चहा व्हायचा. आता दर दीड-दोन तासांनी सगळे खाली उतरतो, धाकट्याला जमिनीवर सोडतो, मऊभात भरवतो, पुन्हा बसवतो. शिमग्याच्या खेपेपासून तो स्वतःहून हात पट्ट्यातून घालतो. तीन-चार महिने नेटाने हेच केलं म्हणून हे झालं, मध्ये एकदा जरी चालत्या गाडीत बाहेर काढलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

मोठीचा अनुभव वेगळा. तिला गाडी लागायची. कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे चुकतो, पण भोस्ते आणि परशुराम घाटात ती हमखास ओकायची. सीटमुळे ती उंच बसते, काचेतून बाहेरचं दिसतं. एवढ्यानेच अर्ध्याहून जास्त फरक पडला. मोबाइल बंद, पोटात कोरडी भाकरी किंवा घावण, तोंडात आवळासुपारी. हायवेवर आता ओकत नाही. कुणकेश्वर ते देवगड आणि आरे-वारेच्या वळणांवर अजून त्रास होतो.

नाताळात परतताना आम्ही मुद्दाम किनाऱ्याने आलो, चार दिवस घेतले. खाड्या ओलांडायला चार फेरीबोटी लागल्या: जयगडहून तवसाळ, धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बागमांडले, दिघीहून आगरदांडा. लहान मुलांबरोबर याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. रांगेत थांबणं, मग पाण्यावरची काही मिनिटं, मुलांची विश्रांती आपोआप होते. फक्त बोटीवर गाडी लावली, हँडब्रेक ओढला की मुलांचे पट्टे सोडा आणि त्यांना कडेवर घेऊन वर उभे राहा. बोटीवर बंद गाडीत मूल बांधून ठेवू नये.

याच प्रवासात सीटचा खरा दोष कळला. गुहागरच्या किनाऱ्यावर मोठी वाळूत लोळली आणि तशीच सीटवर बसली. दुसऱ्या दिवशी अंजर्ल्याला बक्कल लागेना. कट्ट असा आवाज यायचा, पण ओढलं की सुटायचं. कानाजवळ धरून हलवलं तर आत वाळू खुळखुळत होती. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी तांब्याभर कोमट पाणी दिलं. बक्कल उलटं धरून त्यात पाणी ओतलं, लाल बटण दाबत राहिलो, तिसऱ्या वेळी काळी वाळू बाहेर आली. वाळवलं आणि दहा वेळा लावून बघितलं, मगच निघालो. त्यात तेल घालायचं नाही. आता किनाऱ्यावरून आलं की आधी पाय धुणं, कपडे बदलणं, मग सीट. बक्कलचा आवाज ऐकून गप्प बसत नाही, दर वेळी ओढून बघते.

मे महिन्यातला त्रास घामाचा. पाठीचं कापड तासाभरात ओलं होतं. पाठीमागे जाड गादी किंवा उशी घालू नका, पट्टा सैल पडतो. मी आईंच्या जुन्या सुती लुगड्याचा एकपदरी तुकडा अंथरते. उन्हात गाडी ठेवली की बक्कलची पट्टी चटका देते, मालवणात धाकट्याच्या मांडीवर लाल वण उठला होता. तेव्हापासून गाडी लावली की सीटवर पांढरा टॉवेल टाकते. कव्हर मशीनमध्ये धुतलं तर चालतं. आंब्याचे डाग मात्र गेले नाहीत. पट्टे साबणात बुडवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे.

अडचण एकच उरली आहे. दोन सीटच्या मधे आईंना बसावं लागतं आणि ती जागा फार अरुंद आहे. कंबर धरते म्हणून राजापूरनंतर त्या पुढे बसतात, मी मधे. हिला उपाय नाही, मोठी गाडी सोडून.

मे महिन्यात परत निघताना अंगणातच आईंनी खिडकीतून वाकून विचारलं, ‘पट्टो लावलंस मां गो?’ मी हो म्हटलं. तरी त्यांनी हात आत घालून धाकट्याचं बक्कल ओढून बघितलं, मग पुढे जाऊन बसल्या.