६० पानी पासपोर्ट: आठ महिने वापरून झाले, आता लिहितो

मी भोसरीच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे, पॅकेजिंगच्या मशीन्स. मशीन कंटेनरमधून गेली की मागोमाग आम्ही जायचं, बसवून चालू करून द्यायची, आणि सहा महिन्यांनी बंद पडली की परत बॅग भरायची. केनिया, टांझानिया, व्हिएतनाम, बांगलादेश, मधेच थायलंड. २०१९ ला पासपोर्ट काढला तेव्हा ३६ पानी घेतला कारण मला ६० पानी असतो हेच माहीत नव्हतं, फॉर्मवर ३६ वर टिक होती ती तशीच ठेवली. फरक फक्त ५०० रुपयांचा, १५०० आणि २०००. ते वाचवलेले पाचशे मला केवढ्याला पडले ते सांगतो.

३६ पानं म्हणजे शिक्क्यांना ३६ नाहीत हे आधी लक्षात घ्या. माहितीची, पत्त्याची, शेऱ्याची पानं वजा करा. मग बांगलादेशचा स्टिकर, त्याला अख्खं पान. शेंगेनचा, म्हणजे युरोपच्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसाचा स्टिकर, अख्खं पान. आणि प्रत्येक ट्रिपला आपल्याच इमिग्रेशनचे दोन शिक्के, जाताना एक येताना एक, हे कोणी हिशोबातच धरत नाही. चार शिक्के एका पानावर आरामात बसतात पण साहेब लोकांना कोरं पान दिसलं की त्याच्या बरोब्बर मधोमध मारायची हुक्की येते.

तर गेल्या वर्षी जोहान्सबर्गचं काम आलं. दक्षिण आफ्रिका दोन कोरी पानं मागते. व्हिसा लागला, स्टिकर चिकटला, त्यानंतरही दोन पानं कोरी होती, मी मोजली होती. मग मधेच चार दिवसांचं बँकॉक निघालं, तिथल्या ऑफिसरने त्या दोनपैकी एकावर धपकन शिक्का मारला, आणि मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मुंबईला चेक-इन काउंटरवरच्या मुलीने पानं उलटली, परत उलटली, मग सुपरवायझरला बोलावलं. मी शेवटची पानं दाखवतोय, हे बघा कोरं आहे, ती म्हणते सर ते व्हिसाचं पान नाही ते धरत नाहीत. राग आला पण खरं सांगायचं तर तिची चूक नव्हती, तिकडून परत पाठवलं असतं तर तेही मलाच भोगावं लागलं असतं. रात्री दोनला ओला करून पुण्याला परत. माझ्याऐवजी दुसरा गेला आणि आमचे साहेब अजून मला 'पानवाला' म्हणतात.

पानं जोडून मिळत नाहीत, ते विसरा. अमेरिकावाले त्यांच्या लोकांना २०१५ संपेपर्यंत २४ पानांची पुरवणी जोडून द्यायचे, त्यांनीही बंद केलं. आपल्याकडे सरळ रीइश्यू, म्हणजे नवीन पुस्तक. पासपोर्ट सेवाच्या साइटवर रीइश्यू निवडायचं, कारणामध्ये पानं संपली हा पर्याय असतो, आणि बुकलेट ६० पानी. तत्काळ हवा असेल तर वर २००० अजून. मुदत उरलेली असली तरी चालतं, माझी चार वर्षं बाकी होती, ती गेली आणि नवीन दहा वर्षं मिळाली. फोटो न्यायचा नसतो, तो पासपोर्ट केंद्रात ए काउंटरला तिथेच काढतात, बोटांचे ठसे पण, मग बी मग सी. माझं सगळं मिळून दीड तास. जुना पासपोर्ट रद्द करून, कोपरा कापून हातात देतात आणि त्या क्षणापासून नवीन येईपर्यंत तुम्ही कुठेही जाऊ शकत नाही, हे लक्षात ठेवूनच अपॉइंटमेंट घ्या. मला अकरा दिवस लागले, पोलीस व्हेरिफिकेशन धरून. कुणाला कमी लागतील कुणाला जास्त.

आता पुस्तकाबद्दल. जाड आहे. जुन्या कव्हरमध्ये जात नाही, शर्टाच्या खिशात ठेवला तर बटण लागत नाही. माझा चिपवाला, म्हणजे ई-पासपोर्ट आला, कव्हरवर खाली छोटं सोनेरी चिन्ह असतं, म्हणून मागच्या खिशात ठेवून बसायची सवय मोडली, आणि एजंटला स्टेपलर लावू देत नाही. हे पुस्तक छापतात आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, माझी सासुरवाडी तिकडचीच, त्यामुळे सासरे पासपोर्ट हातात घेऊन कागदाचं कौतुक करतात, ती एक वेगळी व्हॅलिडिटी. अजून एक त्रास म्हणजे परत येताना आपला ऑफिसर जाण्याचा शिक्का शोधत पानं उलटत बसतो, रांगेतले मागचे माझ्याकडे बघतात.

खरी डोकेदुखी नंबर बदलल्याची, ती मला कोणी सांगितली नव्हती. माझा अमेरिकेचा व्हिसा जुन्यात आहे, तो चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे, रबर बँड लावून. पण व्हिएतनामचा ई-व्हिसा जुन्या नंबरवर काढून ठेवलेला, तो गेला, परत फॉर्म परत पैसे. आणि यलो फीवरची लस घेतल्याचं पिवळं कार्ड, आफ्रिकेच्या ट्रिपला लागतं ते! लस २०१६ पासून आयुष्यभर चालते पण कार्डावर पासपोर्ट नंबर जुना. नैरोबीहून येताना हेल्थ काउंटरवर जुना पासपोर्ट दाखवला तेव्हा मिटलं. थोडक्यात जुना कपाटात टाकू नका.

कोणी म्हणेल आता शिक्के बंदच होतायत, ६० कशाला. सिंगापूर परदेशी लोकांना शिक्का मारत नाही, हाँगकाँग चिठ्ठी देतं, आणि युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे-फोटोची सिस्टीम सुरू केलीय. वर्षातून एकदा सिंगापूर-दुबई करणाऱ्याला ३६ पुरेल, त्याने उगाच जाड पुस्तक वागवू नये. पण माझ्यासारख्याला जे देश लागतात तिथे शाईच चालते. आठ महिन्यांत माझी नऊ पानं भरलीत. परत ३६ पानीच घेतला असता तर याच वेगाने तीन वर्षांच्या आतच परत केंद्रावर टोकन घेऊन बसलो असतो.

चार कोरी पानं उरली की अर्ज टाकायचा असं मी आता मोबाइलमध्ये रिमाइंडर लावलंय, आणि काउंटरला पासपोर्ट देताना अर्धवट भरलेलं पान उघडून त्यावर बोट ठेवूनच देतो. नैरोबीचा ऑफिसर हसला आणि तिथेच मारला. बँकॉकवाल्याने माझ्या हातातून घेतला, पान उलटलं आणि कोऱ्यावर मधोमध.