बर्फाच्या साखळ्या, लातूरची डाळ आणि सिस्सूचा चढ

लातुरात बर्फ दोनच कामाला लागतो, रसवंतीवर नाहीतर मयत ठेवायला. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसानं बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकाला बांधायच्या साखळ्यांवर लिहावं, यावर कुणी हसलं तर हसू द्या. आमच्या घरी तर पार्सल आलं त्या दिवसापासून हसणं चालू आहे. पण मी या साखळ्या पदरचे पैसे घालून घेतल्या, गुडघाभर बर्फात वापरल्या आणि परत आल्यावर काळ्या रानातही घालून बघितल्या.

गाडी डबल कॅब पिकअप, २०१७ चं मॉडेल, दुसऱ्या हातानं घेतलेली. गिअरजवळ नॉब आहे: टू एच म्हणजे नुसती मागची दोन चाकं ओढतात, फोर एच म्हणजे चारी, फोर एल म्हणजे चारी, पण हळू आणि जास्त ताकदीनं. एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा डिफ लॉक नाही, घसरणारं चाक आपोआप आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. टायर २४५/७० आर १६, ऑल टेरेन, निम्मे झिजलेले. एरवी ही गाडी रेणापूर तालुक्यात ठिबकचे पाइप आणि खताची पोती वाहते.

दाजींचा एक जुना फौजी दोस्त हिमाचलात सिस्सूला भागीदारीत चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. मनालीच्या पुढचा अटल बोगदा ओलांडला की थोड्याच अंतरावर हे गाव आहे. त्याला लातूरची तूरडाळ पाहिजे होती. डाळ पार्सलनंही गेली असती, पण दाजींना बर्फ बघायचा होता आणि मला गाडी. फेब्रुवारीत पन्नास-पन्नास किलोची तीन पोती मागं टाकली, सुतळीनं आवळली आणि निघालो. ही पोती मी नुसता माल समजत होतो. ती गाडीचा निम्मा जीव होती हे उतरवल्यावर कळलं.

साखळ्या निघायच्या तीन आठवडे आधी ऑनलाइन मागवल्या. जोडीला सहा हजार आठशे रुपये. पहिल्यांदा विकणाऱ्यानं २१५/७५ आर १५ ची जोडी पाठवली. डब्यावर माझाच साइज छापलेला, आत दुसराच माल. मी अंगणात घालून बघितली म्हणून कळलं, दोन्ही टोकं एकमेकांना भेटेनात. तसंच गेलो असतो तर मनालीत कपाळावर हात मारून बसलो असतो. बदलून मिळाली, पण अकरा दिवस आणि सात फोन गेले.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, विण. शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची साखळी स्वस्त पडते आणि सरळ रस्त्यावर ओढतेही चांगली, पण दोन पट्ट्यांच्या मधे टायर उघडा राहतो आणि गाडी आडवी सरकायला लागली की तिला धरायला काही नसतं. शंकरपाळ्याच्या आकाराची विण असली की टायरवर कायम कुठली ना कुठली कडी टेकलेली असते. मी शंकरपाळ्याची घेतली. दुसरी गोष्ट, जाडी. छोट्या मोटारींच्या साखळ्या टायरच्या आतल्या अंगाला ९ ते १२ मि.मी. जागा खातात, जीप-पिकअपच्या साधारण १६ मि.मी. तेवढी जागा ब्रेकच्या होजपासून, म्हणजे रबरी नळीपासून, आणि सस्पेन्शनपासून सुटते का, हे गाडीखाली आडवं होऊन बघावं लागतं. मी बोट घालून बघितलं. मागं भरपूर जागा होती, पुढं जेमतेम. गाडीच्या पुस्तिकेतही साखळी मागच्या चाकांना घाला असंच लिहिलंय.

बोगद्याच्या अलीकडं सोलंग नाल्यापाशी पोलिसांनी गाडी थांबवली, फोर बाय फोर आहे का विचारलं, साखळ्या बघितल्या, लातूरचं एमएच २४ बघितलं आणि हसून सोडलं. जाताना रस्ता साफ केलेला होता, साखळ्या डब्यातच राहिल्या. डाळ पोचली. दोस्तानं रात्री राजमा खाऊ घातला, ही त्याची गंमत. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीचा फक्त पाठीचा भाग वर दिसत होता.

होमस्टेपासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीनेकशे मीटरची चढाची वाट. फोर बाय फोरचा नॉब फिरवला की काम झालं, असं मला तोवर सोळा आणे वाटत होतं. फोर एच घातला, पहिला गिअर टाकला आणि आपल्याकडं काळ्या मातीत देतो तशी रेस दिली. चिखलात ते बरोबरही असतं. चाक जोरात फिरलं की नक्षीतला चिखल बाहेर फेकला जातो आणि नवी धार मिळते. मी गेली पंधरा वर्षं हेच करत आलोय.

बर्फात याच्या बरोबर उलटं आहे, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक सकाळ वाचली असती. बर्फाला बर्फ चिकटतो. टायरच्या खाचांमधे बसलेला बर्फच खालच्या बर्फाला धरतो, तो फेकायचा नसतो. चाक गरागरा फिरलं की घासून वरचा थर वितळतो आणि लगेच गोठतो. आपणच आपल्या चाकाखाली काच तयार करतो. माझ्या गाडीनं वीसेक फूट नेलं, मग डावं मागचं आणि उजवं पुढचं अशी तिरकी दोन चाकं फिरत राहिली, बाकीची दोन ढिम्म. एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल साधा असला की ज्या चाकाला पकड नाही तेच पळतं. त्यात पोती उतरवल्यामुळं मागचं अंग हलकं झालेलं. रिकाम्या पिकअपचं सगळं वजन इंजिनाकडं असतं, शेपटाकडं काही नाही. आणखी दोनदा रेस दिली आणि गाडी पोटावर बसली. चेसिस बर्फावर टेकलं, चाकं अधांतरी.

तिथला एक टॅक्सीवाला चहाचा ग्लास हातात घेऊन हे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "भाईजी, रेस मत दो. पहले खोदो, फिर हवा निकालो."

मग खोरं काढलं. आपलं शेतातलं खोरं, घरून नेलेलं. आधी पोटाखालचा बर्फ ओढून काढला, मग चाकांपुढं दोन हातभर वाट केली. पोटाखालचं काढल्याशिवाय बाकी काहीही करण्यात अर्थ नाही, कारण गाडीचं वजन चाकांवर नसून बर्फावर असतं. त्यानंतर चारी टायर ३५ वरून २० पीएसआयवर आणले. दाजी वरून ओरडले, "आरं, हवा काहून सोडायलास? आधीच बसलीय ती!" मी म्हटलं, "दाजी, तुम्ही जरा तिकडून बघा, टायर कसा पसरतो ते." हवा कमी झाली की टायर खाली लांब होतो, वजन जास्त जागेवर पडतं आणि गाडी खोल बर्फात कमी रुतते. खाली डांबर जवळ असेल, बर्फ चार बोटंच असेल, तर याची गरज नाही. तिथं टायरनं कापत खाली जाणंच बरं.

मग वजन. डाळीची रिकामी पोती दोस्तानं परत दिली होती, तीच बांधकामाच्या बजरीनं भरली. मापानं साधारण दीडशे किलो झालं असेल. मागच्या एक्सलच्या वर, किंचित पुढं, सुतळीनं घट्ट बांधलं. अगदी फाळक्याला टेकवून ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. आणि बांधायचंच. ब्रेक मारल्यावर दीडशे किलो बजरी केबिनच्या काचेकडं आलेली कुणाला आवडणार नाही. फोर एच तसाच, या वेळी दुसरा गिअर, क्लच हळू सोडला, रेस जवळजवळ नाहीच. गाडी निघाली. मधे थांबलो नाही. त्या टॅक्सीवाल्यानं चहाचा ग्लास वर केला.

हे सगळं होईपर्यंत साखळ्या डब्यातच होत्या, हे लक्षात घ्या. भुसभुशीत खोल बर्फातून मला बाहेर काढलं ते खोऱ्यानं, कमी हवेनं आणि बजरीनं.

साखळ्यांचं काम मोठ्या रस्त्यावर आलं. तिथं गाड्यांनी दाबून दाबून बर्फाची फरशी केली होती, त्यावर उन्हाची चकाकी. पायी चालताना दाजी दोनदा बसले. इथं नुसता रबर काही करू शकत नाही. मी हवा परत ३५ वर भरली, कारण कमी हवेच्या टायरवर आवळलेली साखळी पुढं ढिली पडते. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कंप्रेसर चार टायरना पंचवीस मिनिटं घेतो. पहिल्या चाकाला साखळी घालायला मला वीस मिनिटं लागली, दुसऱ्याला बारा. अंगणात सराव करताना सात लागत होती, पण तेव्हा बोटं माझी होती. शंभरेक मीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळायची असते. हे टाळू नका. माझी बोटभर ढिली झाली होती, तशीच पळवली असती तर ब्रेकच्या होजवर आपटली असती.

फरक मात्र असा की दाजींचं बोलणं बंद झालं. खाली कड्यांचा करकर आवाज, गाडी ताशी वीस-पंचवीसनं, आणि मागचं अंग खिळ्यानं ठोकल्यासारखं. थांबलेल्या जागेवरून चढावर निघताना एकही चाक घसरलं नाही. उतारावर एक उणीव दिसली. मागं साखळी, पुढं नुसता टायर, त्यामुळं वळणावर नाक सरळ जायला बघतं. फोर एल, पहिला गिअर, ब्रेकला पाय जवळजवळ नाही, इंजिनालाच गाडी धरू दिली. फोर बाय फोर निघायला मदत करतं, थांबायला नाही, हे तिथं पायाला कळतं. परत गेलो तर चारी चाकांना घालीन. पुढं जागा कमी आहे, म्हणून पातळ कड्यांची जोडी शोधावी लागेल.

दुसरी तक्रार रबरी ताणाच्या रिंगेची. साखळी बाहेरून ओढून धरायला येते ती. उजवीकडची वाटेत टचकन तुटली, थंडीत ते रबर लाकडासारखं झालं होतं. डाळीच्या पोत्याची सुतळी चार पदरी करून आवळली आणि ती शेवटपर्यंत टिकली. सहा हजार आठशेच्या वस्तूला शेवटी पोत्याच्या सुतळीचा आधार लागावा, याबद्दल मी रेटिंगमधला एक तारा कापतोय.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत कोरडं डांबर. तिथं साखळ्या काढाव्याच लागतात, नाहीतर कड्याही झिजतात आणि टायरही. नॉबही परत टू एचला आणावा. अशा गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतो, कोरड्या रस्त्यावर फोर एच ठेवला तर वळताना सगळी ताकद गिअरांमधेच अडकून बसते. बोगद्याच्या अलीकडं काढल्या, दहा मिनिटं. पलीकडं रस्ता साफ मिळाला, नाहीतर पुन्हा तोच खेळ. घरी साखळ्या गोड्या पाण्यानं धुऊन, सुकवून, तेलाचा हात फिरवून ठेवल्या.

जुलैत मोह आवरला नाही. तीन दिवस पाऊस लागलेला, आमच्या रानाची वाट म्हणजे नुसतं लोणी. मागच्या चाकांना साखळ्या घातल्या. वाटेच्या सुरुवातीला मुरूम टाकलेला आहे, वर चार बोटं राड. तिथं साखळी राडीतून खाली मुरमाला जाऊन भिडली आणि गाडी मस्त गेली. मला वाटलं, जिंकलं. मुरूम संपला आणि खरी काळी माती लागली. ती पाणी पिऊन फुगते, आणि चिकटली की सोडत नाही. पन्नास फुटांत शंकरपाळ्याची सगळी घरं भरली, कड्या दिसेनात, चाक म्हणजे पुरणाचा उंडा. मडगार्ड आणि टायरच्या मधली जागा बुजली तशी गाडी घुरघुरली आणि थांबली. बर्फ खाचेत बसला तर कामाला येतो, काळी माती बसली तर टायर गुळगुळीत होतो. सिस्सूला शिकलेला धडा मी रेणापुरात विसरलो होतो.

चुलत्यांनी ट्रॅक्टर आणला. दोर बांधताना त्यांनी चाकाकडं बघितलं, मातीत बोट घालून एक कडी मोकळी केली आणि विचारलं, "ही कितीला पडली?"

मी तीन हजार सांगितलं. साखळ्या सध्या गोठ्यातल्या खुंटीवर आहेत, एका रबरी रिंगेच्या जागी अजून सुतळीच आहे.