ब्लूस्कायची जेटस्ट्रीम: प्रवाह फुकट, मराठीची गाळणी आपली आपण

ट्विटरने २०२३ साली फुकटचा एपीआय (प्रोग्रॅमने डेटा मागण्याची सोय) मोडीत काढला, मेटाने १४ ऑगस्ट २०२४ ला फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्टचा माग ठेवणारं क्राउडटँगल बंद केलं. सोशल मीडियाच्या पोस्ट चालू असतानाच गोळा करायच्या असतील आणि खिशाला झळ नको असेल, तर आज ब्लूस्काय या ट्विटरसारख्या समाजमाध्यमाच्या जेटस्ट्रीमइतकी सरळ सोय दुसरी नाही. खातं लागत नाही, एपीआय की लागत नाही, अर्ज करून वाट पाहावी लागत नाही. वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) जोडला की पोस्ट यायला लागतात.

ब्लूस्कायच्या मूळ प्रवाहाचं नाव फायरहोज. त्यात प्रत्येक बदलासोबत सीबॉर या बायनरी साच्यातले ब्लॉक आणि पडताळणीचा पुरावा येतो, आणि ते उलगडायला बरीच मेहनत पडते. २०२४ मध्ये आलेली जेटस्ट्रीम तोच माल साध्या, सहज वाचता येणाऱ्या जेसन मजकुरात देते. बदल्यात सह्या आणि पुरावे गळून जातात. कल मोजायला याने काही बिघडत नाही. पण अमुक खात्याने अमुक लिहिलं असं बातमीत छापायचं असेल, तर मूळ नोंद त्या खात्याच्या सर्व्हरवरून तपासूनच घ्यावी.

जोडताना ‘वाँटेडकलेक्शन्स’ (कोणत्या नोंदी हव्यात) या पर्यायात फक्त पोस्टचा प्रकार द्या. ते विसरलं तर लाइक, फॉलो, ब्लॉक सगळंच येतं, आणि त्यात लाइकचा लोंढा सर्वात मोठा असतो. लाइकचे आकडे हवेच असतील तर पोस्ट दिवसभर जुनी झाल्यावर ब्लूस्कायच्या ‘गेटपोस्ट्स’ या एपीआयला विचारा, एका वेळी जास्तीत जास्त २५ पोस्ट. ‘कॉम्प्रेस’ चालू केल्यास डेटा साधारण निम्म्यावर येतो. मात्र झेडस्टँडर्ड पद्धतीने दाबलेला तो डेटा उलगडायला जेटस्ट्रीमची स्वतःची डिक्शनरी फाइल लागते, नुसत्या लायब्ररीने भागत नाही.

जोडणी तुटण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्याच बाजूला असतं. पायथॉनची ‘वेबसॉकेट्स’ लायब्ररी दर २० सेकंदांनी पिंग (जोडणी जिवंत आहे का ते विचारणारा संदेश) पाठवते आणि उत्तराची २० सेकंद वाट पाहते. पोस्ट वाचणाऱ्या लूपमध्येच भाषा ओळखणं किंवा डेटाबेसमध्ये एकेक ओळ लिहिणं चालू असेल तर लूप अडकतो, उत्तर वेळेत वाचलं जात नाही आणि जोडणी पडते. वाचणारं काम फक्त रांगेत टाकेल आणि लिहिणारं वेगळ्या थ्रेडमध्ये ५००-५०० ओळींचे गठ्ठे भरेल, अशी रचना ठेवा. सामान्य लॅपटॉपवर वॉल मोडमधला (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिणारा) एसक्यूलाइट हा एका फाइलीतला डेटाबेस पुरतो.

पुन्हा जोडताना ‘कर्सर’ (कुठपासून पुढे हवं ती वेळ) द्यावा लागतो. तो मायक्रोसेकंदांत, म्हणजे १६ आकडी असतो. चुकून नॅनोसेकंद दिले तर ती भविष्यातली वेळ धरली जाते आणि प्रवाह गुपचूप ‘आत्ता’पासून सुरू होतो, मधलं सगळं हुकतं. शेवटच्या घटनेच्या ‘टाइम यूएस’ या वेळेतून पाचेक सेकंद वजा करून मागा. थोडं दुबार येईल. ‘डीआयडी’ (खात्याची ओळख), कलेक्शन (नोंदीचा प्रकार) आणि ‘आरकी’ (नोंदीची ओळख) मिळून प्राथमिक की केली आणि ‘इन्सर्ट ऑर इग्नोर’ने ओळी भरल्या तर दुबार ओळी आपोआप गळतात. कर्सर मात्र गठ्ठा डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावरच जपून ठेवा, पोस्ट हाती आल्याबरोबर नाही. सर्व्हर जुन्या घटना मर्यादित काळच ठेवतो (सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग २४ तासांची आहे), त्यामुळे जोडल्यावर आलेल्या पहिल्या घटनेची वेळ मागितलेल्या कर्सरशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर तेवढी भोकं विश्लेषणात नोंदवायलाच हवीत.

क्रम लावायला पोस्टमधली ‘क्रिएटेडॲट’ ही वेळ वापरू नका. ती वेळ पाठवणाऱ्याचं ॲप भरतं, आणि ट्विटरवरून आणलेल्या जुन्या पोस्ट जुन्याच तारखेने येतात. पोस्ट पुसल्याची घटना येते तेव्हा मजकूर नसतो, फक्त ओळख असते. ती पाहून आपल्याकडची ओळही पुसायला हवी. लिहिणाऱ्याने मागे घेतलेलं आपण जपून ठेवणं बरोबर नाही.

आता मराठी. भाषेनुसार गाळणी सर्व्हरवर नाहीच, जगभरच्या पोस्ट घेऊन आपल्याकडे चाळाव्या लागतात. ‘लँग्ज’ हे पोस्ट पाठवणाऱ्या ॲपने लावलेलं भाषेचं लेबल. मराठी मजकुरावर इंग्रजी किंवा हिंदी शिक्का सर्रास बसतो. म्हणून आधी देवनागरी अक्षरं पाहा, मग फास्टटेक्स्टचं १७६ भाषा ओळखणारं मॉडेल लावा. चार-पाच शब्दांच्या पोस्टवर ते मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी यांत गोंधळतं. ‘ळ’ दिसला म्हणजे मराठी असंही नाही, कोकणी आणि राजस्थानीतही तो आहे. ‘आहे’, ‘नाही’, ‘मध्ये’, ‘म्हणून’ अशा शब्दांची यादी जोडीला ठेवली तर फरक पडतो. रोमन लिपीतली मराठी मात्र या चाळणीतून निसटतेच.

शब्द शोधतानाही खाचखळगे आहेत. पायथॉनचं नमुने शोधणारं नेहमीचं ‘री’ मॉड्यूल मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे शब्दसीमा लावून ‘आहे’ शोधलं तर सुटा ‘आहे’ एकही सापडत नाही. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवर मजकूर तोडा. ‘ॲ’ एका कोडने लिहिला जातो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, दोन्ही सारखे दिसतात, पण एनएफसी या युनिकोडच्या एकसारखं करण्याच्या पद्धतीने एक होत नाहीत. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या र ची तीच गत. दोन्ही रूपं स्वतः एकसारखी करून घ्या, नाहीतर एकाच शब्दाच्या दोन मोजण्या होतात. लिंक आणि उल्लेखांच्या जागा बाइटमध्ये दिलेल्या असतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. अक्षरं मोजून कापलं तर लिंक भलत्याच ठिकाणी तुटते.

सेवा म्हणून पाचपैकी चार गुण. एक कापला तो भाषेची गाळणी नसल्याबद्दल. ब्लूस्कायवर मराठी लिहिणारे थोडे आहेत, तेव्हा तिथल्या पोस्टवरून महाराष्ट्राचं मत काढू नये. साधनं शिकायला, गाळण्या तपासायला आणि जागतिक विषयांवरची चर्चा मोजायला ती उत्तम. महिनोन्‌महिने चालणारं काम असेल तर सार्वजनिक सर्व्हरवर विसंबू नका. कोड खुला आहे, डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर तयार डब्यात चालवण्याचं साधन) स्वतःची जेटस्ट्रीम चालवता येते, आणि घटना किती तास ठेवायच्या तेही मग आपल्या हातात राहतं.