सीताबर्डीचं जिन्याखालचं दुकान: जुन्या पीसीचं गेलेलं नेट नेमकं शोधून दिलं

नागपुरात, महालातल्या बडकस चौकाजवळ माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. पीसी २०१४ चा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांचे हिशेब, डिजिटल सहीचा टोकन, सारं त्याच्यावरच. १८ मेला दुपारी त्याचं नेट गेलं. जीएसटीच्या ३बी या दरमहाच्या रिटर्नची शेवटची तारीख २०, नंतर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि अकरा जणांचं रिटर्न बाकी.

जवळच्या एका दुकानातून मुलगा आला. पाच मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं, "मदरबोर्ड गेला मॅडम, नवीनच घ्या" म्हणाला आणि संध्याकाळी अठ्ठावीस हजारांचं कोटेशन व्हॉट्सॲपवर टाकलं. कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. मला ते फार लागलं. तो पीसी मी ऑफिस सुरू केलं तेव्हा कर्ज काढून घेतला होता.

नणंदेनं सीताबर्डीवरच्या एका दुकानाचा नंबर दिला. तिथल्या मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांपैकी एकीत, जिन्याखाली. भाऊ एकटेच बसतात. फोनवर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "ताई, सकाळी चालते का?" मी म्हटलं, सकाळी तासभर चाललं, जेवायच्या सुमारास पुन्हा गेलं. "मग मी दुपारीच येतो. चालत असताना येऊन काय पाहू?" मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात अडीच वाजता माणूस स्कूटरवर आला.

त्यांची पद्धत मी शेजारी बसून पाहिली. आधी पीसीची नेटची केबल काढून माझ्या मुलाच्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपवर नेट आलं. म्हणजे राउटर ठीक, केबलही ठीक, बिघाड पीसीतच. मग कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं, त्यानं पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४ नं सुरू होत होता. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता लावून घेतं, त्यावर नेट चालत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. नेटचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला, फरक नाही. मग वीजेची वायर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवलं. पीसी बंद असला तरी लॅनच्या, म्हणजे केबलचं नेट सांभाळणाऱ्या, चिपला थोडी वीज मिळतच राहते, म्हणून ती अडकली तर नुसतं रीस्टार्ट करून कधीकधी सुटत नाही. वायर परत लावली, नेट आलं, मी टाळ्याच वाजवणार होते. वीस मिनिटांत पुन्हा गेलं.

तेव्हा त्यांनी मोबाईलचा टॉर्च पोर्टमध्ये, म्हणजे केबल लावायच्या खाचेत, मारला आणि मला बोलावलं. आतल्या आठ पट्ट्यांपैकी दोन हिरवट पडल्या होत्या. नंतर त्यांनी मागे वळून पाहिलं. कूलर! पीसीची पाठ बरोबर त्याच्या तोंडासमोर. इतके उन्हाळे ती ओली हवा पोर्टवर येत होती. दुपारी कूलर जोरात लागला की नेट जात होतं. मला हे कधी सुचलंच नसतं.

पट्ट्या साफ करता आल्या असत्या, पण "महिनाभरात पुन्हा बोलवाल" म्हणून त्यांनी बोर्डावरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये वेगळं लॅन कार्ड बसवलं आणि जुना पोर्ट बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधून, बंद केला. नेट आलं. तरी जीएसटीचं पोर्टल उघडेना, कनेक्शन सुरक्षित नाही असा लाल इशारा. माझा जीव पुन्हा खालीवर. भाऊंनी कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं, साल २०१४. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल, ज्यावर वीज नसताना घड्याळ चालतं, तो संपलेला होता, वायर काढल्याबरोबर तारीख मागे गेली होती. साइट खरी असल्याच्या प्रमाणपत्राला मुदत असते, तारीख चुकली की ब्राउझर ते मानत नाही. ४० रुपयांचा सेल, तारीख नीट केली, पोर्टल उघडलं.

एकूण १,०४० रुपये: भेटीचे ३५०, कार्ड ६५०, सेल ४०. काढलेला सेल टेबलावर ठेवून गेले, कार्डाचं खोकंही. त्या रात्री साडेअकरापर्यंत बसून मी अकराही रिटर्न भरली.

जाताना मी विचारलं, आता किती वर्षं चालेल? त्यांनी गोड बोलून टाळलं नाही. "ताई, विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत अपडेट बंद. यावर ११ बसत नाही. लोकांचे पॅन, बँकेचे कागद आहेत तुमच्याकडे. नवीन घ्या, पण घाईत काहून घेता? आधी बॅकअप घ्या, मग दोन-तीन दुकानं पाहा." विकायला त्यांच्याकडेही पीसी होते, एकदाही विषय काढला नाही.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. पक्कं बिल मागितल्यावरच मिळालं, तेही दुसऱ्या दिवशी. आणि दुकानात जाणार असाल तर सीताबर्डीवर गाडी ठेवायला जागा मिळत नाही, फोन करून घरीच बोलवा. फोन पहिल्यांदा उचलला जात नाही, पण हातातलं काम संपलं की ते स्वतः परत करतात.

पीसी आता कूलरपासून लांब हलवलाय. येत्या रविवारी बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची आहे, ती त्यांच्याकडूनच घेणार आहे.