साधे रोल्ड ओट्स : आठ महिने घरात वापरल्यानंतरचा अभिप्राय

ओट्सचा उपमा एकदा कढईत गोळा होऊन बसला, की बहुतेक घरांत तो पुडा फडताळाच्या मागच्या बाजूला जातो आणि मुदत संपल्यावरच पुन्हा हाती लागतो. आमच्याकडेही पहिल्या पुड्याचे हेच झाले होते. गेल्या वर्षी सासूबाईंच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, डॉक्टरांनी आहारात ओट्स घेण्यास सुचवले आणि मग हे धान्य नीट समजून घेण्याशिवाय गत्यंतर उरले नाही. सासू-सासरे, आम्ही दोघे आणि वाढत्या वयाची दोन मुले अशा सहा जणांच्या घरात मी आठ महिने झटपट शिजणारे, रोल्ड आणि स्टील कट अशा तिन्ही प्रकारांचे साधे ओट्स आणि सोबत मसाला ओट्सही वापरून पाहिले. माझा कौल रोल्ड ओट्सना आहे, आणि तो का, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

दुकानात उभे राहून पुडा निवडताना प्रकार ओळखणे सोपे नसते, कारण अनेक पुड्यांवर ठळक अक्षरांत नुसते ‘ओट्स’ एवढेच असते. पुडा पारदर्शक असेल तर पाकळी पाहावी. रोल्ड ओट्सची पाकळी करंगळीच्या नखाएवढी, कडा बऱ्यापैकी अखंड आणि मधोमध दाण्याची मूळची रेघ दिसणारी असते. झटपट शिजणाऱ्या ओट्सची पाकळी पातळ, तुटकी आणि तळाशी बराच चुरा साठलेली असते. पुड्यावर दोन-तीन मिनिटांत तयार होण्याचे आश्वासन असेल तर तो हाच प्रकार समजावा. स्टील कट म्हणजे पाकळी न करता पोलादी पात्यांनी दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेले असतात, म्हणजे आपल्या गव्हाच्या दलियासारखे.

ओट्सची पाकळी पाहून हात आपोआप पोह्यांच्या सवयीने चालतो, आणि तिथेच चूक होते. पोहे धुऊन निथळत ठेवले की मोकळे होतात. ओट्स धुतले की त्यांना बुळबुळीतपणा येतो, कारण त्यांतला बीटा-ग्लुकान हा विरघळणारा तंतू पाणी धरून दाट होतो. आरोग्यासाठी ज्याची एवढी वाखाणणी होते तो घटक आणि उपम्याचा गिचका करणारा घटक एकच आहे. हे ध्यानात आले आणि माझ्या स्वयंपाकाची दिशा बदलली. जिथे पदार्थाला बांधणी हवी असते तिथे ओट्स अतिशय चांगले काम करतात, जिथे मोकळेपणा हवा असतो तिथे त्यांना आधी भाजून काबूत आणावे लागते, आणि जिथे पीठ ताणले जायला हवे तिथे त्यांच्या भरवशावर राहू नये.

थालीपिठात याचा प्रत्यय सर्वांत छान येतो. दोन वाट्या भाजणीला एक वाटी कोरडे भाजून दळलेले ओट्स घेऊन, कांदा, कोथिंबीर, तीळ घालून भिजवले आणि गोळा दहा मिनिटे झाकून ठेवला, तर थापताना कडा चिरत नाहीत आणि थालीपीठ तव्यावर उलटताना मोडत नाही. ही दहा मिनिटे टाळू नयेत. ओट्स पाणी हळूहळू शोषतात, त्यामुळे आधी सैल वाटलेले पीठ थोड्या वेळाने बेताचे होते. घाईने त्यात आणखी भाजणी घातली की थालीपीठ कडक होते. आमच्या सासूबाई भाजणीच्या बाबतीत सहजासहजी तडजोड करत नाहीत. त्यांनी पहिला घास घेऊन म्हटले, “अगं, चव भाजणीचीच आहे, फक्त मऊ झालंय. पुढच्या वेळी धने थोडे जास्त भाजून घाल.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. ओट्सची स्वतःची चव सौम्य असल्याने भाजणीचा खमंगपणा जरा उतरतो आणि तो धन्या-जिऱ्याने भरून काढावा लागतो.

उपम्यासाठी एक वाटी रोल्ड ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटे, शेंगदाण्यासारखा वास सुटेपर्यंत कोरडे भाजावेत, फोडणीत भाज्या शिजवून घ्याव्यात, मग ओट्स घालून पाऊण वाटी कढत पाणी शिंपडत घालावे आणि झाकण ठेवून आच बंद करावी. रव्याच्या उपम्याप्रमाणे उकळत्या पाण्यात ओट्स सोडले की लापशी होणारच. झटपट प्रकारच्या ओट्सचा उपमा मी चार वेळा करून पाहिला आणि इतके भाजूनही तो मोकळा झाला नाही. लहान बाळाची पेज किंवा आजारी माणसाची पातळ खीर यांसाठी मात्र तो प्रकार सोयीचा आहे. एरवी दाणा जितका बारीक आणि जितका आधी शिजवलेला, तितका तो लवकर पचतो आणि रक्तातली साखर लवकर चढते, म्हणून मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी मी स्टील कट ठेवते. ते रात्री भिजवून, सकाळी मुगाच्या डाळीबरोबर कुकरमध्ये खिचडीसारखे शिजवले, तर दाणा दाताखाली लागतो आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही.

मसाला ओट्सविषयी थोडक्यात सांगते. मुलांना ते आवडतात, प्रवासात उपयोगी पडतात, पण पुड्यामागची घटकांची यादी आणि मिठाचे प्रमाण वाचून रोजच्या न्याहारीला ते द्यावेत असे मला वाटले नाही. वजनाच्या हिशेबाने ते साध्या ओट्सपेक्षा बरेच महागही पडतात.

भाजण्या-भिजवण्याइतकाच मला भट्टीतला भाग मोलाचा वाटतो, कारण मुलांच्या डब्यातली विकतची बिस्किटे कमी करणे हा माझा मूळ हेतू होता. भारतात खाण्याचे ओट्स मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातून येतात, आणि त्याच देशात लोकप्रिय असलेले अँझॅक बिस्किट आपल्या घरांना जणू बेतून दिल्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैनिकांशी नाते सांगणाऱ्या या बिस्किटात ओट्स, मैदा, साखर, सुके खोबरे, लोणी, साखरेचा दाट पाक आणि सोडा एवढेच असते. अंडे नसते, त्यामुळे ते टिकते आणि अंडे न खाणाऱ्या घरातही चालते. ऑस्ट्रेलियात ‘अँझॅक’ या शब्दाच्या वापराला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याला ‘कुकी’ म्हणून विकता येत नाही, इतका तिथल्या लोकांना त्याचा जिव्हाळा आहे. मी मैद्याऐवजी कणीक आणि त्या पाकाऐवजी कोल्हापूरकडची काकवी वापरते. १०० ग्रॅम रोल्ड ओट्स, १०० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस आणि ८० ग्रॅम साखर एकत्र करायची. १०० ग्रॅम लोणी दोन मोठे चमचे काकवीबरोबर वितळवायचे. दोन मोठे चमचे कढत पाण्यात एक लहान चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी लोण्यात ओतले, की मिश्रण फसफसून सोनेरी फेसासारखे वर येते. त्याच क्षणी ते कोरड्या जिनसांत ओतून कालवावे. लिंबाएवढे गोळे जरा दाबून, अंतर ठेवून मांडले आणि १६० अंशांवर चौदा-पंधरा मिनिटे भाजले की झाले. बाहेर काढताना बिस्किट मऊच असते आणि गार होताना कुरकुरीत होते, म्हणून बोटाने दाबून कच्चे ठरवू नये.

हीच कृती मी तिन्ही प्रकारांनी करून पाहिली. झटपट ओट्सची बिस्किटे पिठूळ झाली, स्टील कटची दाताला खड्यासारखी लागली, आणि रोल्डच्या बिस्किटाला मात्र कडेला कुरकुरीतपणा आणि मधे किंचित चिवटपणा आला. केक आणि पावाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. ओट्समध्ये गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिन, नसल्याने दह्याच्या बिनअंड्याच्या केकमध्ये एकूण पिठाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त ओट्सचे पीठ घातले, की सुरी लावताच केक भुरभुरतो. पावात मी पाचवा हिस्सा घालते, तोही आधी कढत पाण्यात भिजवून. त्यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ज्यांना गव्हाचे पथ्य आहे त्यांनी साधा पुडा घेऊ नये, कारण वाहतुकीत आणि दळणात गहू-सातू मिसळलेला असू शकतो. ग्लुटेनमुक्त असल्याचे स्पष्ट छापलेलाच पुडा घ्यावा.

तक्रारीचाही एक प्रसंग सांगायला हवा. एका दुकानातून सवलतीत घेतलेला दोन किलोंचा पुडा उघडताच जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला, आणि मुदत संपायला अजून चार महिने होते. पुडा फोडला आहे, एवढ्या कारणावरून दुकानदाराने तो परत घेतला नाही. ओट्समध्ये गव्हापेक्षा स्निग्धांश बराच जास्त असतो. तो खवट करणारे विकर निष्क्रिय व्हावे म्हणून कारखान्यात दाणा वाफवतात, तरीही माल उन्हात, गरम गोदामात पडून राहिला तर बिघडतो. म्हणून आता मी छापील मुदतीपेक्षा पॅकिंगची तारीख पाहते, किलोचाच पुडा घेते आणि पावसाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवते.

आरोग्याच्या दाव्यांबाबत तारतम्य राखावे असे माझे मनापासूनचे मत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्समधील विरघळणाऱ्या तंतूचा हृदयविकाराचा धोका कमी होण्याशी संबंध जोडणारा दावा पुड्यावर छापण्यास परवानगी दिली, तेव्हा दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान ही मात्रा धरली होती. म्हणजे जवळजवळ ७५ ते ८० ग्रॅम कोरडे ओट्स रोज पोटात गेले पाहिजेत. आठवड्यातून दोनदा वाटीभर खाऊन ते साधत नाही. सासूबाईंचा आकडा तीन महिन्यांनी खाली आला, पण त्यांचे औषधही चालू होते आणि चालणेही वाढले होते, म्हणून सगळे श्रेय मी ओट्सना देणार नाही. शिवाय एकूण तंतूंच्या मोजमापात आपली ज्वारी, बाजरी आणि नाचणी ओट्सच्या तोडीस तोड आहेत. ओट्सचे वेगळेपण त्या विरघळणाऱ्या तंतूत आहे. त्यामुळे आमच्या ताटातली भाकरी मी हलवलेली नाही. ओट्सनी जागा घेतली ती सकाळच्या पावाची आणि डब्यातल्या विकतच्या बिस्किटांची.

सध्या आमच्याकडे रोल्ड ओट्सचा एक किलोचा पुडा दहा-बारा दिवस पुरतो, अर्धा किलो स्टील कट सासऱ्यांच्या खिचडीपुरते महिनाभर जातात, आणि बिस्किटांचा घाणा दर रविवारी दुपारी होतो, ज्यात लोणी-काकवीच्या पातेल्यात सोड्याचे पाणी ओतण्याचे काम धाकटीने स्वतःकडे घेतले आहे.