डॉइचलांड-टिकीट: रोजच्या वापरानंतर, आणि एक उन्हाळा मैत्रिणीबरोबर हिंडल्यानंतर

जर्मनीत कार्ल्सरुहला नोकरीसाठी आले तेव्हापासून माझ्या फोनमध्ये डॉइचलांड-टिकीट आहे. ऑफिस, किराणा, रविवारची भटकंती, सगळं त्यावरच चालतं. पण त्याचा खरा कस लागला तो २०२५च्या जुलैत, सांगलीहून माझी शाळेपासूनची मैत्रीण आली तेव्हा. भारतातून कुणी येणार म्हटलं की इथल्या मराठी मंडळींत एकच चर्चा सुरू होते: पाहुण्यांसाठी युरोपभरचा महागडा रेल्वे पास काढायचा, की हे महिन्याचं तिकीट पुरे? माझं मत, पुरे. फक्त अंतराची हाव धरायची नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२२च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत जर्मनीने ९ युरोत महिनाभर लोकल प्रवास देऊन पाहिला, लोकांनी डोक्यावर घेतला. मग १ मे २०२३ पासून ४९ युरोंचं हे कायमचं तिकीट आलं. जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या म्हणजे आरई, आरबी, एस-बान, शिवाय शहरातल्या ट्राम, मेट्रो, बस, सगळं यात येतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. डबा दुसऱ्या वर्गाचा. कंपनीने जॉब-टिकीट म्हणून दिलं तर आणखी स्वस्त: मालकाने निदान २५ टक्के भरले की वरून ५ टक्के सूट मिळते, म्हणजे ६३चे ४४ युरो १० सेंट होतात. माझं तसंच आहे, त्यामुळे किमतीबद्दल मी जरा उदारपणे बोलतेय हे धरून चाला.

आता खाचाखोचा. हे तिकीट म्हणजे वर्गणी आहे, आणि ती कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे चालते. २० तारखेला घेतलं म्हणून पुढच्या २० तारखेपर्यंत चालत नाही, महिनाअखेरीला संपतं, आणि बहुतेक ठिकाणी पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेतात. पाहुणे २० जूनला येऊन १० जुलैला जाणार असतील तर दोन महिन्यांचा भुर्दंड. म्हणून विमानाची तिकिटं बघतानाच मी मैत्रिणीला सांगितलं होतं, "अगं, जे काय यायचंय ते एकाच महिन्यात बसव. एक तारखेनंतर ये, एकतीसच्या आत जा." दुसरी गोष्ट, वर्गणी बंद करायची असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. तिचं तिकीट आम्ही क्रेडिट कार्ड घेणाऱ्या एका शहर-वाहतुकीच्या अ‍ॅपवरून काढलं आणि चहा थंड व्हायच्या आत रद्दही करून टाकलं. रद्द केलं तरी महिनाअखेरपर्यंत ते चालतंच. काही ठिकाणी जर्मन बँक खातंच लागतं, तेव्हा अ‍ॅप निवडताना ते आधी बघा. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही. तपासनीस ओळखपत्र मागू शकतो, त्यामुळे पासपोर्ट जवळच ठेवायचा.

आमची पहिली मोठी सैर स्ट्रासबुर्गची. इथे तिकिटाची हद्द आणि देशाची हद्द दोन्ही एकदम कळतात. ऑफेनबुर्गला गाडी बदलून ‘केल’ या सीमेवरच्या गावापर्यंत तिकीट चालतं, पुढे ऱ्हाइन आणि पलीकडे फ्रान्स. नदी ओलांडणारी ट्राम २०१७ पासून आहे, तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं. आम्ही जाताना ट्राम सोडून पायी पूल धरला. २००४ साली बांधलेला हा पादचारी पूल दोन फाट्यांचा आहे, एक फाटा वर चढतो, एक सपाट जातो, आणि मधोमध दोन्ही एकत्र येतात. ना चौकी, ना शिपाई. मैत्रीण मध्यावर थांबून म्हणाली, "व्हिसासाठी एवढी कागदपत्रं गोळा केली गं मी, आणि इथे कोणी विचारतसुद्धा नाही?" पण यावर विसंबू नका. जर्मनीत परत येताना पोलीस गाडीत चढून कागद बघतात, कधी बघतात, कधी नाही.

स्ट्रासबुर्गचं कॅथेड्रल लालसर गुलाबी वालुकाश्माचं. शिखर एकच आहे, दुसरं कधी बांधलंच गेलं नाही. तरी १४२ मीटर उंचीची ही वास्तू १६४७ ते १८७४ या काळात जगातली सर्वात उंच इमारत होती. ३३२ पायऱ्या चढून गच्चीवर जाता येतं. आत जे खगोलीय घड्याळ आहे ते बघायचं असेल तर वेळ सांभाळा: साडेबाराला येशूचे बारा शिष्य एकामागून एक पुढे सरकतात आणि वरचा कोंबडा तीनदा आरवतो. त्याचं तिकीट वेगळं आणि रांगही वेगळी. ‘पेतीत फ्रान्स’ हा कालव्यांचा जुना भाग फोटोत दिसतो तसाच सुंदर आहे, पण जुलैच्या दुपारी कालव्याच्या काठावर उभं राहायलाही जागा नसते. सहानंतर जा.

बाझेल मात्र आम्हाला दोघींना सगळ्यात जास्त आवडलं. खरं तर ते यादीत नव्हतंच, स्वित्झर्लंड म्हटलं की खिसा आधीच दुखायला लागतो. पण बाझेलचं बाडिशर बानहोफ हे स्टेशन स्विस जमिनीवर असूनही जर्मन रेल्वेचं आहे आणि तिथवर डॉइचलांड-टिकीट चालतं. कार्ल्सरुहहून आरईने अडीच तासांच्या आसपास. उतरलं की भुयारातून कस्टमच्या पाट्यांखालून बाहेर यायचं आणि चालायला लागायचं, नदी काही लांब नाही. दोन सूचना. फोनचा डेटा बंद करा, कारण युरोपीय संघातलं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही. आणि पाण्याची बाटली विकत घेऊ नका, शहरभर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं.

उन्हाळ्यात बाझेलचे लोक ऑफिस सुटल्यावर ऱ्हाइनमध्ये उडी मारतात. कपडे, फोन, चपला सगळं माशाच्या आकाराच्या एका वॉटरप्रूफ पिशवीत कोंबायचं, तिचं तोंड गुंडाळून बंद करायचं आणि ती धरून प्रवाहाबरोबर खाली वाहत जायचं. या पिशवीला विकेलफिश म्हणतात. पोहणाऱ्यांनी क्लाइनबाझेलच्या, म्हणजे उजव्या काठाने राहायचं, कारण मधून मालवाहू बोटी जातात. माझी मैत्रीण सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेत पोहायला शिकलेली. तिने पाच मिनिटं काठावर उभं राहून पाण्याचा अंदाज घेतला, बाकीचे कुठे उतरतात, कुठे बाहेर येतात ते पाहिलं आणि शिरली पाण्यात. मी काठाकाठाने तिच्याबरोबर चालत निघाले, तर ती माझ्यापुढे! पायऱ्यांवरून वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते, पण चेहरा असा की विचारू नका. "ओढ आहे गं पाण्याला," म्हणाली, "पण मगरी नाहीत, तेवढंच एक सुख." सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिथली होडीही चुकवू नका. नदीवर आडवी तार बांधलेली असते, होडी तिला दोराने अडकवलेली. इंजिन नाही, वल्हं नाही, नावाडी सुकाणू तिरकं करतो आणि प्रवाहच होडीला पलीकडे ढकलतो. अशा चार होड्या शहरात आहेत. आम्ही म्युन्स्टर चर्चखालची घेतली. कोकणातल्या तरीत बसल्यासारखं वाटलं, फक्त पैसे फ्रँकमध्ये.

नुसता गाडीचा प्रवासच बघण्यासारखा असेल तर तो श्वार्त्सवाल्डबानचा, ऑफेनबुर्गहून ब्लॅक फॉरेस्ट ओलांडून कोन्स्टान्सला. रॉबर्ट गेर्विग या अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. सरळ चढ घेण्याऐवजी त्याने डोंगरातच मोठमोठी वळणं घालून उंची गाठली. त्यामुळे होर्नबर्गनंतर बोगद्यामागून बोगदे येतात, आणि मघाशी डावीकडे दिसलेली दरी थोड्या वेळाने उजवीकडे खाली दिसते. कसाऱ्याला नाहीतर खंडाळ्याला खिडकीशी भांडलेल्या माणसाला इथे करमतंच. कार्ल्सरुहहून कोन्स्टान्स तीन तास, दुमजली डबे, वर बसा. कोन्स्टान्सच्या बंदरावर इम्पेरिया नावाचा नऊ मीटर उंच पुतळा आहे, तो चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. १४१४ ते १४१८ या काळात इथे चर्चची मोठी परिषद भरली होती. ही बाई त्याच परिषदेची टर उडवते: तिच्या एका हातावर राजमुकुट घातलेला बुटका, दुसऱ्यावर पोपचा मुकुट घातलेला, आणि दोघेही उघडेच. १९९३ मध्ये ती उभी राहिली तेव्हा भरपूर वाद झाला, हे सांगायलाच नको.

हायडेलबर्ग एका संध्याकाळीत होतं. किल्ला, जुना पूल, सव्वादोन लाख लिटरच्या घरातला दारूचा पिंप, आइस्क्रीम, परत.

आता हाव. मैत्रिणीला म्युनिक, झाल्त्सबुर्ग आणि नॉइश्वानश्टाइनचा राजवाडा हवा होता. रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये फक्त डॉइचलांड-टिकिटाच्या गाड्या दाखवणारं बटण दाबलं की कार्ल्सरुह ते म्युनिक असा मार्ग निघतोही: श्टुटगार्ट, उल्म, आउग्सबुर्ग, मध्ये गाड्या बदलायच्या. कागदावर साडेचार-पाच तास. पण दर बदलाला पाच-सात मिनिटं हातात असतात आणि पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली की पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. या तिकिटावर उशिराची सोयही तुटपुंजी. साध्या तिकिटावर बराच उशीर झाला तर वेगवान गाडीत बसू देतात, या तिकिटावर नाही. तासभराच्या उशिराला भरपाई दीड युरो, आणि तीसुद्धा एकूण चार युरो जमल्याशिवाय देत नाहीत. माझा ठाम सल्ला: अडीच-तीन तासांपलीकडचं अंतर असेल तर आधी आयसीईचं स्वस्तातलं तिकीट काढून तिथे पोहोचा आणि तिथे गेल्यावर हे तिकीट वापरा. आम्ही तेच केलं.

म्युनिकमध्ये ते भरभरून वसूल होतं. शहरातली सगळी वाहतूक, वर झाल्त्सबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंतची प्रादेशिक गाडी. ऑस्ट्रियात फक्त स्टेशनापर्यंत हं, तिथल्या बसला नाही. पण मिराबेल बाग पंधरा मिनिटांवर, आणि पुढचं जुनं शहर पायीच बघायचं असतं. मोत्सार्टचं जन्मघर गेट्राइडेगासेमध्ये नऊ नंबरला आहे. दाखाउची छळछावणीही याच तिकिटात, एस-बानची एस-२ गाडी आणि मग बस, प्रवेश मोफत. तिथे जायचं तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आम्ही संध्याकाळी राजवाड्याची तयारी करणार होतो, दोघींनाही बोलायची इच्छा राहिली नाही. आम्ही गेलो तेव्हा रविवारी आल्टे पिनाकोथेकसारख्या सरकारी संग्रहालयांत एक युरोत प्रवेश मिळत होता.

म्युनिकच्या दक्षिणेला तेगर्नझे तळ्याकडे जाताना गाडी वाटेत तुटते. म्हणजे अपघात नाही, मुद्दाम. होल्त्सकिर्शेनला डबे सुटे होतात, काही बायरिशत्सेलला जातात, आणखी पुढे शाफ्टलाखला उरलेल्यांचेही दोन भाग होतात. चढताना डब्यावरची पाटी वाचा, फलाटावरची नव्हे. आमच्या समोर बसलेलं एक जोडपं सायकलींसकट घाईघाईने डबा बदलताना पाहिलं, म्हणून सांगते.

तक्रारी आहेत. उन्हाळ्यात रुळांची कामं काढतात, मग गाडीऐवजी बस येते आणि ती फलाटाजवळ नसून कुठल्या तरी मागच्या रस्त्यावर असते. एका रात्री परतीची शेवटून दुसरी गाडी रद्द झाली, स्टेशनचं नाव सांगत नाही. शेवटच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं, दारात उभ्या सायकली, एसी बंद. मैत्रीण शांतपणे दारापाशी पाठ टेकून उभी राहिली, पिशवीतून दशम्या काढल्या आणि म्हणाली, "मिरज पॅसेंजर बरी की गं."

जानेवारी २०२६ मध्ये किंमत ६३ झाली तेव्हा ऑफिसात बऱ्याच जणांनी वर्गणी बंद केली. ज्यांचं घर-ऑफिस सायकलीच्या अंतरावर आहे आणि जे महिन्यातून एखाद्याच रविवारी बाहेर पडतात, त्यांना ते बरोबरच आहे. त्यांना एका दिवसाचं, एका राज्यापुरतं मिळणारं राज्य-तिकीट स्वस्त पडेल. मी चालू ठेवलंय. मैत्रीण पुन्हा यायचं म्हणतेय, या वेळी हँबुर्गसाठी. तिथे लांडुंग्सब्रुकेनहून फिंकेनवेर्डरला जाणारी ६२ नंबरची बोट याच तिकिटावर चालते, एवढं कळल्यावर तिने बाकी काही विचारलंच नाही, फक्त महिना कोणता धरायचा ते विचारलं.