प्लास्टरआधी ठरवा: लॅन केबल, मेश वाय-फाय की नुसता रिकामा पाइप?

फ्लॅटचं काम काढलंय, भिंतींना झिऱ्या मारून झाल्यात आणि वायरमन विचारतोय, "साहेब, नेटचं काय करायचं?" बहुतेक जण "वाय-फाय आहे ना" म्हणून मोकळे होतात. मीही झालो होतो.

भाड्याच्या घरात मेश वाय-फायच बरं, म्हणजे घरभर ठेवलेले वाय-फायचे डबे मिळून एकच नेटवर्क. भिंत फोडायची नाही, घर सोडताना डबे उचलायचे. पण हे डबे एकमेकांशी सहसा हवेतूनच बोलतात. मधे आरसीसीची भिंत किंवा लोखंडी कपाट आलं की 5 गिगाहर्ट्झच्या सिग्नलचा जीव निम्मा होतो.

स्वतःच्या घरात मात्र लॅन केबल, म्हणजे भिंतीतून नेलेली नेटची तार. कॅट-5ई असो वा कॅट-6 (या केबलच्या श्रेणी), 1 गिगाबिटचा वेग 100 मीटरपर्यंत दोन्हींवर मिळतो. कॅट-6 साधारण 55 मीटरपर्यंत 10 गिगाबिटही पेलते, आणि फ्लॅटमध्ये एवढं अंतर निघतच नाही. नवीन घालताय तर कॅट-6 घ्या. जुनी कॅट-5ई भिंतीत असेल तर ती बदलायला भिंत उकरू नका.

खरी फसगत होते ती तांब्यात. स्वस्तातली 'सीसीए' केबल म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी चकाकली तर बॉक्स दुकानदाराला परत. ही तार जॅक बसवताना पटकन तुटते. शिवाय पीओई कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून जाते, तिथे ती जास्त तापते.

बजेट संपलंय? मग निदान 25 मिमीचा रिकामा पाइप टाका, आत ओढायची तार सोडून. माझ्या आधीच्या घरात वायरमनने लाइटच्याच पाइपात लॅन केबल कोंबली होती. 230 व्होल्टच्या शेजारी हे धोक्याचं. बदलायला गेलो तर चार बेंड. केबल ना पुढे सरके, ना मागे.

या वेळी सगळ्या केबल फायबर घरात येतं तिथे, दाराजवळच्या कपाटात आणल्या. प्रत्येक पॉइंटची केबल स्वतंत्र, कुठेही जोड नाही. टीव्हीमागे दोन, कामाच्या टेबलाशी दोन, हॉलच्या छतात वाय-फायसाठी एक, दाराबाहेरच्या कॅमेऱ्याला एक. बेडरूमला नुसते पाइप. कपाटात राउटरसाठी दोन प्लग लागतात, ते मी विसरलो होतो. गवंड्याला परत बोलवावं लागलं. झिऱ्या बुजवण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून फोटो तेवढे काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना लागतात.